भोक कुठे पडलं? लोखंडी पाटी, पुठ्ठा आणि आपला डेटा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. धातूच्या पट्टीवर पातळ थर चढवायचा आणि तो किती घट्ट बसलाय ते तपासायचं, असं माझं काम होतं. तपासायची पद्धत अगदी साधी. थरावर ब्लेडने आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. थर टिकला तर वहीत बरोबरची खूण, निघाला तर फुली. चार महिने मी इमानेइतबारे खुणा आणि फुल्या मारत होते. मग एका मीटिंगमध्ये गाइड मॅडमनी विचारलं, "निघाला तो कुठून? कडेनं की मधून?"

मला सांगता येईना. फोटो काढले नव्हते. आणि पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून मी त्या घासून, पॉलिश करून पुन्हा वापरल्या होत्या. म्हणजे पुरावा मी माझ्याच हातानं पुसून टाकला होता.

त्या दिवसांत रात्री झोप येईना म्हणून मी नेमबाजीचे व्हिडिओ बघायचे. त्यातून टार्गेटच्या इतिहासाकडे वळले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की माझी चूक काही नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी ती लोखंडी पाटीवर करून ठेवलेली आहे.

तुम्ही पेटची किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. टार्गेट म्हणजे मोजमापाचं साधन. ते कशाचं बनवायचं हे ठरवताना आपण नकळत आणखी एक गोष्ट ठरवून टाकतो: नंतर कुठला प्रश्न विचारता येईल आणि कुठला येणार नाही.

दोरीचं माप

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नेमबाजीच्या बऱ्याच स्पर्धांचा निकाल दोरीवर लागायचा. लाकडी फळीवर किंवा कागदावर गोळ्या झाडायच्या. मग प्रत्येक भोकाच्या मध्यापासून टार्गेटच्या मध्यापर्यंतचं अंतर दोरीनं मोजायचं आणि एकापुढे एक जोडत जायचं. ज्याची दोरी सगळ्यात आखूड, तो जिंकला.

ही पद्धत गावठी वाटेल, पण जरा विचार करा. इथे 'लागली' किंवा 'चुकली' एवढंच मोजलेलं नाही, प्रत्येक गोळीची चूक किती ते मोजलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर हा सलग डेटा आहे. त्याची अडचणही तीच, जी आपल्याला सरासरी काढताना येते. नऊ गोळ्या मध्याजवळ आणि एक भरकटलेली, तर ती एकटी सगळी दोरी लांबवते. आणि जी फळीवर लागलीच नाही तिची दोरी किती धरायची? त्यासाठी वेगळा नियम करावा लागतो.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. भोक जागच्या जागी टिकून राहायला हवं. फळीवर राहतं, कागदावर राहतं. पण अंतर वाढलं, नेमबाज वाढले, तसं दर वेळी जाऊन दोरी लावणं जमेना. मग लोखंड आलं.

लोखंडी पाटी आणि चौकोनी बुल

इंग्लंडमध्ये १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, जुलै १८६० मध्ये, विंबल्डनच्या माळावर तिची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाची गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं झाडली. रायफल स्टँडवर घट्ट बसवून आधीच रोखून ठेवलेली होती. राणीनं फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या टार्गेटच्या मध्यापासून गोळी जेमतेम सव्वा इंचावर लागली. आकडा झकास आहे, पण तो राणीच्या नेमाबद्दल काहीच सांगत नाही. तो रायफलबद्दल आणि ती रोखणाऱ्याबद्दल सांगतो. पेपर वाचताना एखादा फार सुंदर आकडा दिसला, की 'हे नक्की कशाचं माप आहे?' असं विचारायची सवय लावून घ्या.

तिथली टार्गेट लोखंडी होती. लोखंडाचे फायदे उघड आहेत. शिशाची गोळी आदळली की आवाज येतो, रंगवलेल्या पाटीवर डाग उमटतो, शेजारच्या खंदकातला मार्कर रंगीत चकती वर करून गुण सांगतो. मग डागावर रंगाचा हात फिरवला की पाटी पुढच्या गोळीला तयार. झटपट, टिकाऊ, ऊनपावसाची चिंता नाही. तोटाही त्यातच आहे. रंगाचा हात फिरला की मागची गोळी कायमची गेली. उरतो फक्त गुण.

आता अटलांटिकपलीकडे, न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला चला. इथली रेंज १८७३ साली विंबल्डनचा कित्ता गिरवूनच सुरू झाली. २६ सप्टेंबर १८७४ ला इथे अमेरिका विरुद्ध आयर्लंड असा सामना झाला. सहा-सहा जणांचे संघ. प्रत्येकानं ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून पंधरा-पंधरा गोळ्या झाडायच्या. बुलला ४ गुण, त्याबाहेरच्या 'सेंटर'ला ३, त्याही बाहेर पाटीवर कुठेही लागली तर २. म्हणजे संघाचे जास्तीत जास्त १०८० गुण. निकाल लागला: अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

या तीन गुणांच्या फरकात दोन धडे आहेत.

पहिला धडा मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाचा. त्याची एक गोळी बुलवर लागली, पण शेजारच्या टार्गेटच्या बुलवर. गुण शून्य. ते चार गुण धरले असते तर आयर्लंड ९३५ नं जिंकलं असतं. नेम उत्तम, सॅम्पल चुकीचं. फ्रीजरमधल्या ट्यूबवर लेबल लावायचा कंटाळा येईल तेव्हा मिल्नरला आठवा.

दुसरा धडा बारीक आहे. त्या काळचा बुल गोल नव्हता, चौकोनी होता. लांब पल्ल्याच्या पाटीवर तो ३ फूट बाय ३ फूट असायचा. कागद घ्या आणि हिशोब करून बघा. मध्यापासून कडेपर्यंत १८ इंच, पण मध्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण साडेपंचवीस इंच. म्हणजे मध्याच्या बरोबर उजवीकडे २० इंचांवर लागलेल्या गोळीला ३ गुण, आणि तिरक्या रेषेत कोपऱ्याकडे २५ इंचांवर लागलेल्या गोळीला ४! मध्यापासून जास्त लांब, तरी जास्त गुण. १८७० च्या दशकातच बुल गोल झाला आणि ही विसंगती गेली. पण आधीच्या सामन्यांचं काय? त्यांचे गुण गोल बुलच्या नियमानं पुन्हा मोजता येतात का? नाही. डाग रंगाखाली गेले. टार्गेट कागदी असतं तर दहा वर्षांनीही कुणी पट्टी घेऊन बसलं असतं.

या सामन्यात अमेरिकन संघाच्या रायफली मागून गोळी भरायच्या होत्या आणि आयरिश संघाच्या पुढून, नळीच्या तोंडातून. साहजिकच कुठली पद्धत श्रेष्ठ हा वाद रंगला. तुम्हीच सांगा, १०८० पैकी ३ गुणांचा फरक, तोही एका चुकलेल्या टार्गेटमुळे पडलेला, मोजपट्टी चौकोनी, आणि कच्चा डेटा पुसलेला. यावरून बंदुकीच्या रचनेबद्दल काही सिद्ध होतं का?

माणसाच्या आकाराचं टार्गेट आणि न सापडलेल्या नोंदी

पुढे सरावाच्या रेंजवर लोखंड मागे पडलं आणि चौकटीवर ताणलेलं कापड व त्यावर कागद आला. सैन्यांनीही हीच गोल टार्गेट वापरली. अंतर ठरलेलं, टार्गेट समोर उभं, वेळ भरपूर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यात प्रश्न उभा राहिला: आपण जे मोजतोय त्याचा लढाईशी संबंध आहे का? शत्रू काही पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ काढून उभा राहत नाही. तो किती लांब आहे ते माहीत नसतं, क्षणभर दिसतो आणि लपतो.

यातून १९५० च्या दशकात 'ट्रेनफायर' नावाची पद्धत आली. वेगवेगळ्या अंतरांवर माणसाच्या आकाराच्या आकृत्या अचानक उभ्या राहायच्या, काही सेकंद दिसायच्या, आणि गोळी लागली की पडायच्या. प्रश्न बदलला म्हणून टार्गेट बदललं. हे चांगलंच झालं, कारण शत्रू शोधण्याचं कौशल्य आता मोजमापात आलं. पण किंमतही मोजावी लागली. आकृती पडली किंवा नाही पडली, एवढंच कळतं. चुकलेली गोळी डावीकडून गेली की वरून, ते कळत नाही. म्हणून नेम बसवायला कागद लागतोच.

या बदलाभोवती एक गोष्ट फार सांगितली जाते, आणि माझ्या मते संशोधनाच्या विद्यार्थ्यानं ती पूर्ण ऐकायला हवी. एस. एल. ए. मार्शल यांचं 'मेन अगेन्स्ट फायर' हे पुस्तक १९४७ साली आलं. महायुद्धातल्या प्रत्यक्ष चकमकींत जेमतेम १५ ते २५ टक्के पायदळ सैनिकांनीच बंदूक चालवली, असा त्यांचा दावा होता. आधार म्हणून त्यांनी सुमारे ४०० कंपन्यांमधल्या सैनिकांच्या लढाईनंतरच्या सामूहिक मुलाखती सांगितल्या. दावा सगळीकडे पोचला. 'गोल टार्गेटवर शिकलेला सैनिक माणसावर गोळी झाडायला कचरतो, माणसाच्या आकाराचं टार्गेट आणलं आणि टक्का वाढला,' अशी सुटसुटीत कहाणी तयार झाली.

१९८८ साली इतिहासकार रॉजर स्पिलर यांनी या टक्केवारीचा मूळ डेटा शोधायचा प्रयत्न केला. मार्शल यांच्या वह्यांमध्ये हा टक्का ज्यातून निघेल अशा पद्धतशीर नोंदी किंवा आकडेमोड सापडली नाही. 'तू गोळी झाडलीस का?' असा प्रश्न मुलाखतींत नेमानं विचारला जात होता असं त्यांच्यासोबत असलेल्या सहकाऱ्यालाही आठवत नव्हतं.

यातून 'सगळे सैनिक गोळ्या झाडत होते' हे सिद्ध होत नाही, हे नीट लक्षात घ्या. सिद्ध होतं ते इतकंच, की चाळीस वर्षं उद्धृत होत राहिलेल्या आकड्याच्या मागे बघता येईल असं काही नव्हतं. पाटी वाजल्याचं सगळ्यांनी ऐकलं, भोक कुणीच पाहिलं नाही. आणि इथे पणाला स्पर्धेतले तीन गुण नव्हते. माणसं माणसांना मारायला कशी तयार होतात, या प्रश्नावर हा आकडा उभा होता.

आजची रेंज: पोलादही, पुठ्ठाही

मग आज सरावासाठी काय निवडतात? दोन्ही. व्यावहारिक पिस्तूल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत पुठ्ठ्याची आणि पोलादाची टार्गेट शेजारी शेजारी असतात. (भारतात हत्यारं आणि दारूगोळा हे सगळं परवान्याच्या कक्षेत येतं. तेव्हा पुढचं वाचायचं ते साधन समजून घ्यायला, घरी करून बघायला नाही.)

आधी पोलाद, कारण तो माझा विषय. कुठलाही लोखंडी पत्रा टांगून चालत नाही. साध्या मऊ पोलादावर गोळी आदळली की खड्डा पडतो, आणि पुढची गोळी त्या खड्ड्याच्या उतारावरून वळून तुकड्यांसकट झाडणाऱ्याकडेच येऊ शकते. म्हणून कडक पोलाद घेतात. 'एआर ५००' या नावातला ५०० हा साधारणपणे ब्रिनेल कडकपणा. साध्या पोलादाचा तो सव्वाशेच्या आसपास असतो. कडक, सपाट पृष्ठभागावर शिशाची गोळी चपटी होऊन पाटीला जवळपास समांतर अशी चहूबाजूंना फुटते. पाटी वरून थोडी पुढे झुकवली की हे तुकडे जमिनीकडे जातात. पिस्तुलासाठी निदान ७ मीटर अंतर ठेवतात. रायफलच्या वेगवान गोळ्यांसाठी त्याहून पुष्कळ जास्त. डोळ्यांवर चष्मा तर हवाच.

बनवतानाची एक गंमत बघा. हा कडकपणा पोलाद तापवून झटकन थंड करण्यातून येतो. नंतर कुणी पाटीच्या तोंडावर वेल्डिंग केलं किंवा गॅसनं कापलं, तर तेवढा भाग पुन्हा मऊ पडतो. वरून पाटी तशीच दिसते, पण तिथे खड्डे पडायला लागतात. म्हणून चांगले कारागीर ती बोल्टनं किंवा साखळीनं टांगतात. साधन दिसायला तेच असलं तरी आतून बदललेलं असू शकतं, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पडणाऱ्या पोलादी टार्गेटला 'पेपर पॉपर' म्हणतात. यातला पेपर म्हणजे कागद नव्हे. जॉन पेपर या नेमबाजाच्या नावावरून ते नाव पडलं. गोळी लागली की ते मागे पडायला हवं. पण लागूनही पडलं नाही तर? नेमबाज हरकत घेऊ शकतो. मग पंच ठरलेल्या कमी ताकदीची गोळी त्याच जागेवरून झाडतो. पॉपर पडला, तर साधन ठीक होतं, नेमबाजाचा गुण गेला. नाही पडला, तर दोष साधनाचा, नेमबाजाला पुन्हा संधी. तपासणीआधीच वाऱ्यानं पडला, तरी पुन्हा संधी, कारण आता खरं काय ते तपासताच येणार नाही. कॅलिब्रेशन हा शब्द तुम्ही मेथडॉलॉजीच्या पेपरात पाठ केला असेल. तो मैदानावर असा दिसतो.

पुठ्ठ्याची गोष्ट उलटी. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा ठरलेल्या आकारात कापतात आणि दोन उभ्या लाकडी पट्ट्यांवर लावतात. गुणांच्या रेषा टोचलेल्या बारीक छिद्रांच्या असतात, लांबून दिसूच नयेत अशा. पुठ्ठा स्वस्त, हलका, पण पावसात फुगतो आणि लवकर चाळण होतो. मात्र तो सांगतो की गोळी कुठे गेली. पुस्तकातलं अचूकता आणि सुसंगतता समजावणारं ते चार वर्तुळांचं चित्र आठवतंय? गोळ्या एकत्र पण मध्यापासून दूर, वगैरे. ते चित्र पुठ्ठ्यावरच काढता येतं, वाजणाऱ्या पोलादावर नाही.

पुठ्ठ्याला शिस्त लागते ती वेगळी. प्रत्येक नेमबाजाचे गुण लिहून झाले की भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे. विसरलात, तर पुढच्याच्या खात्यात मागच्याची भोकं जमा. कुठलं भोक कुणाचं हे ठरवता आलं नाही, तर पुन्हा झाडावं लागतं. आणि क्रम नीट बघा: आधी नोंद, मग चिकटपट्टी. मी पट्ट्या पॉलिश करताना नेमका हाच क्रम चुकवला होता.

आता तर ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट आली आहेत. गोळीचा आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत किती वेळानं पोचला यावरून यंत्र तिची जागा काढतं. पोलादाचा झटपटपणा आणि पुठ्ठ्याचा तपशील एकत्र. बीजिंगला २००८ साली अभिनव बिंद्रानं १०.८ चा शेवटचा शॉट मारून सुवर्ण घेतलं. त्याच फायनलमध्ये रौप्य आणि ब्राँझमधला फरक ०.३ गुणांचा होता. आणि तरीही ५० मीटरच्या स्पर्धांत, जिथे २०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं, त्या प्रकारात या यंत्राच्या मागे काय लावायची पद्धत आहे माहितीये? साधं कार्ड. यंत्राच्या आकड्यावर वाद झाला, तर शेवटी भोक बघायचं.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिसमध्ये 'डेटा संकलनाची साधने' असं एक कलम असतं. बहुतेक जण ते शेवटच्या रात्री, सीनियरच्या फाइलमधून उचलून भरतात. मीही तसंच भरलं होतं. ते भरताना तीन प्रश्न स्वतःला विचारा.

एक, माझं साधन फक्त 'वाजतं' का? म्हणजे हो-नाही, पास-फेल, सहमत-असहमत एवढंच सांगतं का? तसं असेल तर हरकत नाही. पोलादाची जागा पोलादालाच. पण मग 'किती' आणि 'कुठे' हे प्रश्न प्रबंधात विचारू नका.

दोन, माझ्या मोजपट्टीला कोपरे आहेत का? जास्त चुकलेल्याला जास्त गुण मिळतील अशी जागा कुठे राहिली आहे का? पाच-दहा खोटे आकडे टाकून आधी तपासून घ्या.

तीन, पाच वर्षांनी कुणी रॉजर स्पिलर माझ्या दारात येऊन म्हणाला, 'दाखवा,' तर काय दाखवणार? वही, फोटो, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, कोऱ्या सोडलेल्या उत्तरांसकट प्रश्नावल्या. तेच तुमचं मागचं कार्ड.

माझ्या त्या चार महिन्यांचं काय झालं विचाराल, तर ते गेले. सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या. आता चिकटपट्टी ओढली की आधी सूक्ष्मदर्शकाखाली फोटो, फोटोत पट्टीचा नंबर, मग वहीत नोंद, आणि वापरलेली चिकटपट्टी कार्डावर डकवून फाइलमध्ये. नव्या फोटोंमधून दिसलं, की माझे थर जवळपास नेहमी कडेनंच सुटत होते. म्हणजे दोष थराच्या पाककृतीत नव्हता, पट्टी कापण्यात होता. पहिल्या चार महिन्यांच्या फुल्यांमध्येही बहुधा हेच दडलेलं असणार, पण ते आता तपासता येत नाही.

तुमच्या विषयात लोखंडी पाटी कोणती आणि पुठ्ठा कोणता, ते जरा शोधून बघा. डेटा गोळा करायला सुरुवात करण्याआधी बघा, म्हणजे चार महिने वाचतील.